भेटायला थांबले, की भेटायचे थांबले?

जव्हार गावाला लागूनच शिरपामाळ आहे. १६६४च्या जानेवारीत सुरतेवर पहिली स्वारी झाली. त्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज ह्या माळावर थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना इथे भेटले, असं इथली माणसं सांगतात. आता हीच हकीकत इंग्रजीत सांगायची आहे असं धरा. परप्रांतातून कुणी पाहुणा आला आहे आणि त्याच्यापुढे गावातला नववी-दहावीचा एखादा मुलगा उभा आहे. 'स्टॉप', 'मीट', 'किंग' हे शब्द त्याला येतात. तो म्हणाला, 'महाराज स्टॉप्ड टू मीट द किंग', तर पाहुण्याला नेमकं कळेल. पण तो म्हणाला, 'महाराज स्टॉप्ड मीटिंग द किंग', तर पाहुण्याची समजूत होईल की दोघांचं बिनसलं आणि भेटीगाठी बंद पडल्या. गंमत अशी की दुसरं वाक्यही इतिहासाला अगदीच सोडून नाही. १६७२मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं आणि विक्रमशहांना राज्य सोडून जावं लागलं. म्हणजे पहिलं वाक्य १६६४चं, दुसरं १६७२चं. राजकारणाची आठ वर्षं एका 'टू'मध्ये आणि एका 'इंग'मध्ये मावली आहेत.

वर्गातली मुलं हा प्रश्न अगदी रोखठोक विचारतात: 'सर, इथे टू लावायचं की आयएनजी?' व्याकरणाच्या पुस्तकात 'टू मीट'ला इन्फिनिटिव्ह म्हणतात आणि 'मीटिंग'ला जेरंड. दोन क्रियापदं एकापाठोपाठ आली की दुसऱ्याचं रूप पहिलं ठरवतं, एवढाच हा नियम. 'वॉन्ट' आलं की पुढे 'टू गो', 'एन्जॉय' आलं की पुढे 'गोइंग'. 'वॉन्ट गोइंग' चालत नाही आणि 'एन्जॉय टू गो'ही चालत नाही. का चालत नाही, ह्याचं उत्तर शाळेत बहुधा एकच मिळतं: यादी पाठ करा.

ह्या याद्यांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. रेन आणि मार्टिन ह्यांचं जाडजूड व्याकरण १९३०च्या दशकात आलं आणि अजून दुकानात मिळतं. ह्यातला रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही फॉरेन लीजनची साहसकथा लिहिणाराच. तो हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरीला होता. वाळवंटातल्या किल्ल्यांच्या कथा लिहिणाऱ्या माणसाच्या नावाशी आपल्या मुलांनी फक्त गाळलेल्या जागांचा संबंध जोडावा, हा नशिबाचा खेळच. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि हा विषय जव्हारशेजारच्या मोखाड्याच्या पाड्यावरच्या शाळेपर्यंत पोचला. याद्याही त्याच्याबरोबर पोचल्या. ॲडमिट, ॲव्हॉइड, कन्सिडर, डिनाय, एन्जॉय, फिनिश... ही एक ओळ. अग्री, डिसाइड, होप, लर्न, प्रॉमिस, रिफ्यूज... ही दुसरी. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात आणि निकालाआधी विसरतात, कारण त्यांत अर्थाला धरायला काही नसतं.

मराठी मुलाला ही पाठांतराची शिक्षा निम्मी तरी माफ करता येईल, असं माझं म्हणणं आहे. ज्या भेदासाठी इंग्रजीत 'टू' आणि 'इंग' आहेत, तो भेद मराठी बोलणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा करतो. तो करतो हे त्याला कुणी दाखवून देत नाही, इतकंच.

ही दोन वाक्यं पाहा. 'दार लावायचं लक्षात ठेव.' 'दार लावल्याचं माझ्या लक्षात आहे.' पहिल्यात दार अजून उघडं आहे. दुसऱ्यात ते लावून झालं आहे. मराठीने क्रियापदालाच दोन वेगळी शेपटं लावली: करायचं काम असेल तर 'लावायचं', झालेलं असेल तर 'लावल्याचं'. इंग्रजीत हेच 'रिमेंबर टू लॉक' आणि 'रिमेंबर लॉकिंग' होतं. विसरण्याचंही तेच. 'औषध घ्यायला विसरलो' म्हणजे औषध पोटात गेलंच नाही: 'फरगॉट टू टेक'. 'औषध घेतल्याचं विसरलो' म्हणजे गेलं, पण ध्यानात राहिलं नाही, आणि आता आणखी एक गोळी घेतली जाण्याचा धोका आहे: 'फरगॉट टेकिंग'. आजी-आजोबांच्या घरात हा फरक व्याकरणाचा राहत नाही, डॉक्टरकडे जाण्याचा होतो.

सरकारी पत्रातलं वाक्य घ्या. 'आपणांस कळविण्यास खेद होतो की आपला अर्ज नामंजूर झाला आहे.' खेद आत्ता होतो आहे आणि कळवणं त्याच्या पुढच्या क्षणाला आहे: 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू'. आता 'त्याला सांगितल्याचा मला पस्तावा होतो'. सांगून बसलो, मागाहून पस्तावलो: 'आय रिग्रेट टेलिंग हिम'. खेद आणि पस्तावा असे दोन शब्द मराठीने आधीच वेगळे ठेवले आहेत. इंग्रजीने एकाच 'रिग्रेट'कडून दोन्ही कामं करून घेतली आणि फरक सांगायची जबाबदारी पुढच्या क्रियापदावर टाकली.

'ट्राय'चा फरक तर मराठीत आणखी नीट दिसतो. 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला' म्हणजे खिडकी घट्ट बसली होती, जोर लावला, बहुधा उघडली नाही. 'खिडकी उघडून पाहिली' म्हणजे खिडकी सहज उघडली, पण खोलीतली धग कमी झाली का ते बघायचं होतं. इंग्रजी पुस्तकं 'ट्राइड टू ओपन' आणि 'ट्राइड ओपनिंग' ह्यांतला हा भेद सांगायला अर्धं पान खर्च करतात. आपल्याकडे 'करून पाहणं' असा तयार प्रयोग आहे. मुलाला इतकंच सांगायचं: मराठीत 'करून पाहिलं' म्हणशील तिथे 'ट्राय'पुढे 'इंग' लाव.

आणि शिरपामाळावरचं 'स्टॉप'? 'पाणी प्यायला थांबला' आणि 'पाणी प्यायचं थांबवलं'. मराठीत इथे पहिलं क्रियापदही बदलतं, 'थांबणं'चं 'थांबवणं' होतं. स्वतः थांबायचं की चालू असलेलं काम थांबवायचं, हे तिथेच कळतं. इंग्रजीत 'स्टॉप' दोन्हीकडे तसंच राहतं, म्हणून 'टू ड्रिंक' आणि 'ड्रिंकिंग' हा फरक करावा लागतो. दारू सोडलेल्या माणसाबद्दल बोलताना इथे चूक झाली तर भलतीच बदनामी व्हायची.

'गो ऑन' आणि 'मीन' हीदेखील अशीच दोन तोंडांची क्रियापदं. 'साहेब बोलतच राहिले' हे 'वेन्ट ऑन टॉकिंग'. अनुताई वाघ १९४५मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीच्या बालशिक्षणाच्या कामाला लागल्या आणि 'पुढे त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर शाळा चालवल्या', हे 'वेन्ट ऑन टू रन स्कूल्स'. चालू काम चालूच राहिलं तर 'इंग', एक टप्पा संपून दुसरा सुरू झाला तर 'टू'. 'मीन'चंही असंच: 'मला तुला दुखवायचं नव्हतं' ह्यात हेतू आहे, म्हणून 'डिडन्ट मीन टू हर्ट'. 'दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणं म्हणजे शाळा सुटणं' ह्यात हेतू कुणाचाच नाही, परिणाम आहे, म्हणून 'गोइंग टू द ब्रिक किल्न मीन्स लीव्हिंग स्कूल'. जव्हार-मोखाड्याच्या शिक्षकाला हे दुसरं वाक्य समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गातले रिकामे बाक ते सांगतात.

मराठीच्या ह्या रूपांना आपल्या व्याकरणात धातुसाधितं म्हणतात. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापून निघालं आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. करणं, करू, करायला, करायचं, करून, करता, करत, केल्याचं: एका धातूपासून निघालेली ही वेगवेगळ्या कामांची रूपं. 'करू दे', 'करू शकतो', 'करू लागला' इथे 'करू'. 'करता येतं' इथे 'करता'. 'करत राहिला' इथे 'करत'. कुठल्या क्रियापदामागे कुठलं रूप, ह्याची यादी मराठीतही आहे, आणि ती इंग्रजीपेक्षा लांब आहे. परदेशातून मराठी शिकायला आलेल्या माणसाला विचारा. 'मला पोहता येतं', 'मला पोहायला आवडतं', 'मी पोहू शकतो', 'मी पोहत राहिलो' ही चार वाक्यं त्याला चार वेळा रडवतात. आपण ती पाठ केली नाहीत, कारण अर्थासकट कानावर पडत गेली.

इंग्रजीत हे दोन साचे आले कुठून? हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'पिणं' ह्या अर्थाचं मूळ रूप 'ड्रिंकन'सारखं होतं. त्याला शेवटी 'अन' असे. 'पिण्यासाठी' म्हणायचं असेल तेव्हा त्याच्याआधी 'टू' येई आणि शेवटही बदले. हा 'टू' साधा दिशा दाखवणारा शब्द होता, 'टू लंडन'मधलाच. पुढच्या शतकांत शब्दांचे शेवट झिजत गेले, 'अन' गळून पडलं आणि 'टू'ला जास्तीचं काम मिळालं. 'इंग'ची कहाणी वेगळी. जुन्या इंग्रजीत 'उंग' किंवा 'इंग' लावून क्रियेचं नाम होत असे, शिकणं, लिहिणं असं. शिवाय 'करत असलेला' ह्या अर्थाचं 'एन्ड'ने संपणारं आणखी एक रूप होतं. मध्ययुगात ही दोन्ही रूपं मिसळून 'इंग'मध्ये आली. म्हणून आजच्या 'इंग'मध्ये नामपणाही आहे आणि चालूपणाही.

'टू' मुळात दिशेचा, हे मराठी माणसाला ऐकून नवल वाटायला नको. 'जव्हारला गेला' आणि 'भेटायला गेला' ह्या दोन्हींमधलं 'ला' बघा. जिथे पोचायचं ते ठिकाण असो की काम, मराठीने एकच प्रत्यय लावला. इंग्रजीतही 'वेन्ट टू जव्हार' आणि 'वेन्ट टू मीट'. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली. दिशेच्या शब्दात अजून न गाठलेलं काहीतरी असतंच, म्हणून वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, रिफ्यूज ह्यांच्यापुढे 'टू' येतं. इच्छा आधी, कृती नंतर. वचन आधी, पाळणं नंतर. नकारसुद्धा पुढच्याच गोष्टीला देता येतो. उलट एन्जॉय, फिनिश, मिस, ॲडमिट, डिनाय, कीप ह्यांच्यापुढे 'इंग', कारण जी क्रिया सुरूच नाही तिचा आनंद कसा घ्यायचा आणि ती संपवायची कशी? गुन्हा कबूल करायचा किंवा नाकारायचा तर तो झालेला, निदान झाल्याचा आरोप असलेला, हवा. 'चोरी केल्याचं नाकारलं' हे 'डिनाइड स्टीलिंग', आणि 'चोरी करायला नकार दिला' हे 'रिफ्यूज्ड टू स्टील'. मराठीतलं 'केल्याचं' आणि 'करायला' आपण होऊन सांगतं की इंग्रजीत काय लावायचं.

भाषाशास्त्रज्ञांनीही ह्याच दिशेने विचार केला आहे. ड्वाइट बोलिंगर ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९६०च्या दशकात मांडलं की 'टू'चं रूप कल्पनेतली, संभाव्य गोष्ट सांगतं आणि 'इंग'चं रूप क्रियेला एक वस्तू म्हणून समोर ठेवतं. पॉल आणि कॅरोल किपार्स्की ह्या जोडप्याने १९७० साली दाखवलं की काही क्रियापदं पुढची गोष्ट खरी धरूनच बोलतात, आणि अशा क्रियापदांचा ओढा 'इंग'कडे असतो. तिघांचं सगळं पटावंच असं नाही, पण दहावीच्या यादीपेक्षा ते नक्कीच विचाराला खाद्य देतं.

मग यादी फेकून द्यायची का? नाही. 'आधी-नंतर'ची ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही, आणि ती लागते असं सांगणारे शिक्षक मुलांना फसवतात. 'सजेस्ट', 'कन्सिडर', 'पोस्टपोन', 'ॲव्हॉइड', 'रिस्क' ह्यांच्यातली कृती अजून व्हायचीच आहे, तरी पुढे 'इंग'. 'जायचं सुचवलं', 'जायचं लांबणीवर टाकलं', 'जायचं टाळलं'. मराठीत ह्यांना 'जायचं', म्हणजे पुढच्या गोष्टीचं रूप, आणि 'जायचं ठरवलं' ह्यालाही तेच. म्हणून आपली मुलं हमखास 'ॲव्हॉइडेड टू गो' लिहितात. मराठी इथे मदत करत नाही, पाय ओढते. बोलिंगरची 'वस्तू' इथे थोडी कामाला येते: सुचवणं, टाळणं, लांबणीवर टाकणं हे एखाद्या योजनेचं, रस्त्याचं, सभेचंही करता येतं, आणि कृती तशीच वस्तू बनून येते. पण मग 'वॉन्ट अ मँगो'मध्येही वस्तूच आहे की, तरी 'वॉन्ट'पुढे 'टू'. दुसऱ्या बाजूला 'मॅनेज्ड टू क्लाइंब'मध्ये गड चढून झालेला आहे, तरी 'टू'. काहींनी असंही सुचवलं की एन्जॉय, ॲव्हॉइड, फिनिश, डिनाय ही फ्रेंचमधून आलेली क्रियापदं म्हणून त्यांना 'इंग'. पण रिफ्यूज आणि अग्रीही फ्रेंचमधूनच आलेली, आणि ती 'टू' घेतात. शेवटी रूढी म्हणून काही उरतंच, आणि त्या उरलेल्या भागाची छोटी यादी पाठ करायला हरकत नाही. बाराखडीही आपण पाठच केली होती.

मराठीमुळे होणाऱ्या चुकांचा एक मोठा गठ्ठा वेगळ्याच ठिकाणी असतो. 'सरांनी मला लिहायला लावलं' हे मूल 'सर मेड मी टू राइट' असं लिहितं, कारण 'लिहायला'तलं 'ला' त्याच्या कानात असतं. इंग्रजीत 'मेक' आणि 'लेट' ह्यांच्यापुढे 'टू'ही नाही आणि 'इंग'ही नाही, उघडंवाघडं 'राइट'. मराठी 'लिहायला लावलं' आणि 'लिहू दिलं' असा भेद ठेवते, इंग्रजी दोन्हीकडे 'राइट'वर भागवते. पण वाक्य उलटं फिरवलं, 'मला लिहायला लावण्यात आलं' असं केलं, की तिथे 'आय वॉज मेड टू राइट' असा 'टू' परत येतो. हे का, ह्याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलं तर मीही ऐकायला तयार आहे.

'मला पोहता येतं'चं 'आय नो टू स्विम' होतं. 'नो'पुढे 'हाउ टू' लागतं, किंवा सरळ 'आय कॅन स्विम' म्हणावं. 'मी जावं असं त्याला वाटतं' ह्यातून 'ही वॉन्ट्स दॅट आय शुड गो' जन्माला येतं, कारण दुसऱ्याने काय करावं ते मराठी वेगळं वाक्य करून सांगते. इंग्रजी त्या दुसऱ्या माणसाला मध्येच उचलून ठेवते: 'ही वॉन्ट्स मी टू गो'. आणि 'मी तुला जायला सुचवतो'चं 'आय सजेस्ट यू टू गो'. हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या ऑफिसांत रोज ईमेलमधून जातं. सल्ल्याला 'ॲडव्हाइज यू टू गो' चालतं, 'सजेस्ट' मात्र 'सजेस्ट गोइंग' किंवा 'सजेस्ट दॅट यू गो' असंच घेतं.

सगळ्यात फसवा 'टू' मात्र दिशेचाच राहिलेला, क्रियापदाचा न झालेला. 'लुक फॉरवर्ड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'बी यूज्ड टू' ह्यांतला. इथे 'टू' दिसला म्हणून मुलं 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहितात आणि पत्राचा शेवट बिघडतो. ओळखायची एक युक्ती आहे: 'टू'पुढे नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' चालतं ना? मग क्रियाही नाम होऊन आली पाहिजे, 'मीटिंग यू'. 'वॉन्ट टू दिवाळी' चालत नाही, म्हणून तिथला 'टू' क्रियापदाच्या पोटातला. 'यूज्ड टू' मात्र दोन्हीकडे उभा असतो. 'आजोबा तारपा वाजवायचे' हे 'यूज्ड टू प्ले', आणि 'आजोबांना पहाटे उठायची सवय आहे' हे 'इज यूज्ड टू वेकिंग अप'.

उलट एक जागा अशी, जिथे मराठी आणि इंग्रजी अगदी गळ्यात गळा घालतात. 'घर शाकारायला झालंय', 'कपडे धुवायला झालेत'. घर स्वतः शाकारत नाही आणि कपडे स्वतः धूत नाहीत, पण दोन्ही भाषांना ते बोलून दाखवायची गरज वाटत नाही. 'द रूफ नीड्स थॅचिंग', 'द क्लोद्स नीड वॉशिंग'. पावसाळा तोंडावर आला की जव्हारच्या पाड्यावर हे वाक्य घराघरात ऐकू येतं, आणि ते इंग्रजी पुस्तकातल्या कार रिपेअरिंगच्या उदाहरणापेक्षा मुलाला जवळचं आहे.

जवळच्या उदाहरणांचा हा मुद्दा ह्या भागात जास्त लागू पडतो. जव्हार-मोखाड्यातल्या बऱ्याच मुलांच्या घरात वारली, कोकणा किंवा ठाकरी बोली असते. शाळेत पुस्तकी मराठी, आणि तिच्या डोक्यावर इंग्रजी. पुण्याच्या मुलाला इंग्रजी ही दुसरी शाळेची भाषा, इथल्या मुलाला ती तिसरी. त्यातून धड्यात सुपरमार्केट, सबवे आणि स्नोमॅन. बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताईंनी ह्याच जिल्ह्यात बालवाड्या चालवल्या. पानं, बिया, खडे हीच त्यांच्या शिक्षणाची साधनं, आणि गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. त्यांनी जेरंड शिकवला नाही, पण शिकवायची रीत दाखवली. 'वी फिनिश्ड प्लांटिंग नागली', 'बाबा डिसाइडेड टू गो टू द ब्रिक किल्न', 'आय एन्जॉय वॉचिंग बोहाडा', 'आजोबा स्टॉप्ड प्लेइंग द तारपा' अशा दहा वाक्यांत जेवढं कळेल तेवढं शंभर क्रियापदांच्या यादीत कळणार नाही. बोहाड्याची सोंगं रात्रभर पाहिलेल्या मुलाला 'एन्जॉय'पुढची क्रिया चालू का असते, हे समजवावं लागणार नाही.

मोठ्या मुलांना आणि नोकरीतल्या माणसांना मी यादीऐवजी शब्दकोश देईन. शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी शब्दकोश म्हणजे काय, हे ए. एस. हॉर्नबी ह्या इंग्रज शिक्षकाने जगाला दाखवलं. तो जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य चुकतं, हे पाहून त्याने आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक क्रियापदापुढे काय लागतं ते शब्दकोशातच नोंदवलं. तो कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८पासून ऑक्सफर्डने तो जगभर नेला. आजही त्या कोशात एखादं क्रियापद काढलं की अर्थाच्या शेजारी 'डूइंग समथिंग' की 'टू डू समथिंग' हे छापलेलं सापडतं. आपल्याकडे कोश म्हणजे अर्थ बघायचं पुस्तक, ही सवय इतकी घट्ट आहे की त्या बारीक अक्षरांकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते गेलं तर शिकवणीची निम्मी फी वाचेल.

शेवटी राहिली ती क्रियापदं, ज्यांच्यापुढे दोन्ही चालतं आणि अर्थ फारसा हलत नाही: बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू. 'इट स्टार्टेड टू रेन' आणि 'इट स्टार्टेड रेनिंग', दोन्ही बरोबर. फक्त 'इट इज स्टार्टिंग रेनिंग' असं दोन 'इंग' लागोपाठ कानाला बोचतं, तिथे 'टू रेन' बरं. लाइक, लव्ह, हेट ह्यांच्यापुढेही बहुतेक वेळा निवड बोलणाऱ्याची. 'वुड लाइक' असेल तर मात्र 'टू'च. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती: 'इट स्टार्टेड'च्या पुढे गाळलेली जागा ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण उत्तरपत्रिकेत दोन्ही उत्तरांना गुण द्या.